मी कवा हललो न्हाई

ताई, नमस्कार.

माझ्या आजेसासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. लग्नाआधी, १९५७ ते १९६४ या काळात, त्यांनी इथे कोल्हापुरात मराठी चित्रपटांत कामं केली. तीनमध्ये नायिका, बाकीच्यांत नायिकेची मैत्रीण, वहिनी, फडातली नाचणारीण. लग्न ठरलं आणि काम सुटलं. दोन वर्षांपूर्वी आजेसासरे गेले. त्यानंतर एका दुपारी आजी आपण होऊन बोलायला लागल्या. मी मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि रात्री वहीत उतरवते. सात वह्या भरल्यात. त्यांचं पुस्तक काढायचं असं मी मनाशी धरलंय.

अडचण अशी की लग्नाआधी आजींचं एका कॅमेरा असिस्टंटवर प्रेम होतं. तो बायकामुलांचा माणूस. हे चार वर्षं चाललं. त्याचं नाव, गाव, भेटी, शेवटचं भांडण, सगळं त्या सांगतात. सासरे म्हणतात, "हे छापलंस तर मी त्या पुस्तकाला हात लावणार नाही." आजी म्हणतात, "त्ये काढायचं आसंल तर समदंच काढा." सासूबाईंचं आणखी वेगळं: भाषा सुधारून लिही, लोक हसतील. त्यात आजी सालं चुकवतात. शेवटचं भांडण एकदा रंकाळ्यावर झालं म्हणतात, एकदा स्टुडिओच्या फाटकात. लग्नानंतर पहिली मुलगी दीड महिन्याची होऊन गेली, त्याबद्दल मात्र एकदाच आणि एकाच वाक्यात बोलल्या. त्यांच्या पलंगाखाली पत्र्याच्या डब्यात त्यांच्या एका चित्रपटाचं रीळ आहे. तो डबा कुणाला उघडू देत नाहीत.

मी कुणाचं ऐकू?

एक नातसून, कोल्हापूर

*

नातसूनबाई,

तुम्ही पत्रासोबत वहीतलं एक पान पाठवलंत, ते मी चार दिवस टेबलावर समोर ठेवलं होतं. डावीकडे आजींचं बोलणं जसंच्या तसं आणि उजवीकडे सासूबाईंच्या सांगण्यावरून केलेलं शुद्ध रूप. डावीकडे असं आहे: "दर शॉटला त्यो टेप घिऊन यायचा. कॅमेऱ्यापास्नं माझ्या डोळ्यापातुर माप घ्यायचा. तवा हलायचं न्हाई. हललो की फोकस गेला. मी कवा हललो न्हाई." उजवीकडे: "तो छायाचित्रण विभागात साहाय्यक होता. कामाच्या निमित्ताने आमचा सहवास वाढला व मला त्याच्याविषयी ओढ वाटू लागली."

उजवीकडचं पान फाडून टाका. सासूबाईंचा मान राखून सांगते, त्यांच्या सांगण्यात वाईट काही नाही, सुनेनं आपल्या सासूची लाज राखायचं बघितलं. पण त्या दोन ओळींत आजी कुठेच नाहीत. ती ओढ कुणालाही वाटलेली असू शकते. डावीकडच्या पाच वाक्यांत मात्र अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी दिव्यांच्या झळा सोसत उभी आहे, एक माणूस कापडी फितीचं टोक तिच्या डोळ्यापाशी धरून आकडा वाचतो आहे आणि तिला पापणीसुद्धा हलवायची मुभा नाही. प्रेम आणि काम एकाच जागी, एकाच श्वासात. असं वाक्य लिहायला लेखकाचं आयुष्य जातं. आजी ते दुपारी चहा घेताना बोलून गेल्या.

आणि "हललो"चं "हलले" करू नका. कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी जातो" म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुण्या-मुंबईचा वाचक पहिल्या पानावर अडखळेल, तिसऱ्या पानावर त्याचा कान बसेल. मराठीतल्या सिनेनटीच्या सगळ्यांत गाजलेल्या आत्मकथनाचं नावच बघा की. हंसा वाडकरांच्या पुस्तकाचं नाव 'सांगत्ये ऐका'. 'सांगते' नव्हे, 'सांगत्ये'. तो य काढून टाका आणि मोठ्यानं म्हणून बघा, समोर बसून बोलणारी बाई उठून गेल्यासारखं वाटतं. ते पुस्तक हंसाबाईंनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं. म्हणजे तुम्ही आणि आजी जे करताय तेच. साधू स्वतः लेखणीचे बळकट, मनात आणतं तर सगळं आपल्या भाषेत ओतू शकले असते. त्यांनी बाईंना बोलू दिलं, म्हणून आज पन्नास वर्षांनंतरही ते पुस्तक वाचताना कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं.

हे मी इतकं जीव तोडून का सांगते, त्याला कारण आहे. माझी एक मावशी नाटक कंपनीत होती. गावोगाव फिरून खेळ करणारी कंपनी. १९८९ च्या उन्हाळ्यात मी तिच्या आठवणी कॅसेटवर घेतल्या. सहा कॅसेटी भरल्या. मग बसून त्यांचं नीटस लेखन केलं. शिव्या काढल्या, पुनरुक्ती काढली, वाक्यं घासूनपुसून घेतली. मला वाटत होतं मी तिला सजवते आहे. तिला वाचून दाखवलं तर ती शेवटपर्यंत शांत ऐकत राहिली आणि म्हणाली, "छान लिहिलंयस गं. कुणाचं आहे?" मी ते हसण्यावारी नेलं. त्यानंतर तिनं मला एकही गोष्ट सांगितली नाही. विषय काढला की चहा टाकायला उठायची. दोन वर्षांनी ती गेली. त्या कॅसेटींपैकी चारांवर घरातल्या कुणीतरी लग्नातली गाणी भरून घेतली होती, दोन बुरशीनं गेल्या. माझ्यापाशी नव्वद पानं आहेत, स्वच्छ अक्षरात, आणि त्यात मावशी नाही.

म्हणून पहिली गोष्ट, आजच करा: मोबाइलमधली सगळी रेकॉर्डिंग्ज दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडे असू द्या. प्रत्येकीला तारीख द्या. वही हरवली तर परत लिहिता येईल. आवाज परत मिळत नाही.

आता तुमचा प्रश्न. कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारता. आयुष्य आजींचं आहे, तेव्हा ऐकायचं आजींचं, यात मला शंका नाही. त्या हयात आहेत, शुद्धीवर आहेत, आणि "समदंच काढा" असं स्पष्ट बोलल्यात. त्यांच्या संमतीशिवाय एक ओळ गाळलेलं पुस्तक त्यांच्या हयातीत काढू नका. त्यापेक्षा पुस्तक न निघालेलं बरं. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "पुस्तक काढायचं असं मी मनाशी धरलंय." *मी* धरलंय. आजींनी काय धरलंय? त्यांना छापायचं आहे, की साठ वर्षं कुणी विचारलं नाही ते एकदा कुणाला तरी सांगून टाकायचं आहे? ही दोन वेगळी मागणी आहेत. तुम्ही त्यांना सरळ विचारलंय असं पत्रावरून वाटत नाही. विचारा. उत्तर एका दिवसात मागू नका.

बाकीच्या आत्मकथनांकडे थोडं बघू या, कारण सासऱ्यांना वाटतं तसं हे कुणी कधी केलेलं नाही असं अजिबात नाही. आपल्या भाषेत या पुस्तकांची चांगली मोठी रांग आहे. 'सांगत्ये ऐका' १९७० चं. लीला चिटणिसांचं 'चंदेरी दुनियेत' १९८१ चं. दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे' १९८२ चं, तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात' आलं १९९० साली. दुर्गाबाई म्हणजे लाडांच्या घरातली मुलगी, वडील नामांकित सॉलिसिटर, सासर खोट्यांचं, पदरी दोन मुलगे, आणि घराची आर्थिक घडी विसकटल्यावर त्या सिनेमात आल्या. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा तुमच्या कोल्हापुरातच होती, पुण्याला गेली ती पुढच्या वर्षी. चांगल्या घरच्या बाईनं तोंडाला रंग लावायचा म्हणजे केवढा गहजब, ते आज सांगून खरं वाटत नाही. लीलाबाई पदवीधर, घटस्फोटित, चार मुलांची आई. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत दिसलेली पहिली भारतीय तारका त्या. आणि सातच वर्षांत, १९४८ च्या 'शहीद'मध्ये, त्या दिलीपकुमारची आई झाल्या. दोघांच्या वयात अंतर किती, तर तेरा वर्षांचं. नायक पुढची वीस वर्षं नायकच राहिला.

या पुस्तकांची नावं बघताना मला दर वेळी एक गोष्ट जाणवते. शांताबाईंनी आपल्या आयुष्याला नाव दिलं ते १९३९ च्या 'माणूस'मधल्या त्यांच्या गाण्याचं. हंसाबाईंनी नाव घेतलं ते १९५९ च्या अनंत मान्यांच्या चित्रपटाचं, जो पुण्यात विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला. त्या चित्रपटातली जी लावणी घरोघर पोचली, 'बुगडी माझी सांडली गं', ती चित्रित झाली जयश्री गडकरांवर, हंसाबाईंवर नव्हे. तरी त्यांनी तेच नाव घेतलं. नवऱ्याचं, प्रियकराचं, लेकराचं, कशाचंही नाव देता आलं असतं. दिलं कामाचं.

आणि इथे मला तुमच्या घरातल्या भांडणाबद्दल काही म्हणायचंय. तुम्ही सगळे त्या असिस्टंटभोवती गोळा झाला आहात. सासरे त्याला पुसू बघतात, तुम्ही त्याला वाचवू बघता. पण पत्र पुन्हा वाचा. "लग्न ठरलं आणि काम सुटलं." सुटलं म्हणजे काय? हातातून भांडं सुटतं, गाडी सुटते. सात वर्षं दिव्याखाली न हलता उभी राहिलेली, तीन चित्रपटांची नायिका, तिचं काम आपोआप सुटत नाही. कुणीतरी सोडायला लावतं, किंवा ती स्वतः काही हिशेब करून सोडते. कोण म्हणालं? कोणत्या खोलीत, कोणासमोर? एखादा चित्रपट अर्धवट होता का? साइनिंगचे पैसे परत करावे लागले का? चाळ, पेटी, मेकअपचं सामान कुठे गेलं? सात वह्यांत हे कुठेतरी असेल तर ठीक, पण तुमच्या पत्रात याला अर्धं वाक्य आहे, आणि प्रेमाला अर्धं पत्र.

मला वाटतं सासऱ्यांना खरी भीती त्या अर्ध्या वाक्याची आहे, त्यांना स्वतःला ती ठाऊक नसेल कदाचित. लग्नाआधीच्या प्रेमात त्यांच्या वडिलांचा दोष नाही. काम सुटण्यात असू शकतो. वडील जाऊन दोनच वर्षं झालीत आणि आई बोलायला लागली ती वडील गेल्यावर. मुलाच्या कानाला ते कसं लागत असेल, याचा विचार करा. वडिलांच्या पाठीमागे वडिलांवर खटला चालल्यासारखं. तेव्हा त्यांच्याशी "आईचा हक्क" वगैरे वाद घालू नका, जिंकलात तरी उपयोग नाही. त्यांना वही वाचायला देऊ नका, रेकॉर्डिंगही ऐकवू नका. एका दुपारी त्यांना खोलीत बसू द्या, काहीतरी निमित्तानं. त्या दिवशी आजींना कॅमेरा असिस्टंटचं विचारू नका. कामाचं विचारा. मुलानं आईचं काम कधी पाहिलेलंच नसेल. त्याच्या जन्माआधी ते संपलं होतं.

विचारताना बारीक विचारा. "तेव्हाचं वातावरण कसं होतं?" असं विचारलंत तर "लई चांगलं व्हतं" एवढंच उत्तर मिळेल. पहाटे किती वाजता तोंडाला रंग लागायचा, आणि तो उतरवायला खोबरेल वापरायचे की आणखी काही. लावणीचं गाणं आधीच रेकॉर्ड होऊन यायचं, सेटवर भोंग्यातून लावायचे आणि त्यावर ओठ हलवायचे, तर पहिल्यांदा दुसऱ्या बाईचा आवाज आपल्या तोंडातून निघताना कसं वाटलं. पायात चाळ कोण बांधायचं, किती वजनाचे होते, रात्री पोटऱ्यांना काय लावायच्या. कच्ची फिल्म तेव्हा परदेशातून यायची, महाग आणि मोजूनमापून मिळणारी, म्हणून तालमी भरपूर आणि टेक थोडे. मग रीटेक झाला की कुणाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पैसे रोख मिळायचे की कागदावर, आणि हातात कुणाच्या पडायचे, आजींच्या की त्यांच्या वडिलांच्या? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. नटीच्या आत्मकथनात प्रेमाइतकीच पैशाची पानं खरी असतात, आणि घरच्यांना तीही तेवढीच नको असतात.

भांडण रंकाळ्यावर झालं की फाटकात, याचा निकाल लावायला जाऊ नका. दोन्ही लिहा, सांगितल्याच्या तारखेसह. कदाचित भांडणं दोन झाली असतील. कदाचित एकच झालं असेल आणि दुसरी जागा ही जिथे व्हायला हवं होतं ती असेल. साठ वर्षं एकटीनं जपलेली गोष्ट अशी हलते. चित्रपटांच्या सालांचं मात्र वेगळं. ती जुळवता येतात आणि जुळवायलाच हवीत. गाण्याच्या चोपड्या, जाहिराती, सेन्सॉर प्रमाणपत्राचं साल, जुनी वर्तमानपत्रं, यांवरून क्रम लावा आणि तळटीपेत द्या. आजींच्या वाक्यात घुसडू नका.

आता त्या माणसाबद्दल. इथे मी आजींच्याही थोडी विरोधात जाणार आहे. प्रेम आजींचं, ते सांगायचा हक्क त्यांचा. पण त्याची बायको होती, मुलं होती, ती मुलं आज साठी-सत्तरीची असतील आणि कदाचित तुमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहत असतील. त्यांनी आजींचं काही घेतलेलं नाही. वहीत आणि रेकॉर्डिंगमध्ये नाव असू द्या. छापताना नाव, गाव, तो पुढे कुठे कामाला लागला, हे सगळं काढा. फितीचं टोक डोळ्यापाशी धरणारा हात पुरे आहे, त्याला आडनाव लागत नाही. कायद्याचंही एक ध्यानात असू द्या: मेलेल्या माणसाबद्दलचा मजकूरसुद्धा, त्याच्या जवळच्यांना दुखावण्याच्या हेतूनं लिहिलेला असेल तर, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकतो. आजींचा असा हेतू नाही हे मला वाचताना कळतं, पण कोर्टात जायची पाळीच का आणावी. हे आजींना तुम्ही समजावून सांगितलंत तर त्या ऐकतील असं मला वाटतं. "समदंच काढा" म्हणणाऱ्या बाईला नावाचा हट्ट नसतो, आपण जे जगलो ते झालंच नाही असं कुणी म्हणू नये एवढाच हट्ट असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. आजींनी काय छापायचं, कधी छापायचं, आणि त्यांच्या पश्चात निर्णय कुणी घ्यायचा, हे एका कागदावर त्यांच्या शब्दांत लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवा. शब्दांकन तुमचं, आठवणी त्यांच्या, तेव्हा पुस्तकावर दोघींची नावं कशी जाणार आणि मानधन कुणाला, हेही त्यातच लिहा. आपल्याकडे लेखनाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे आज केलेला आळस तुमच्या नातवंडांपर्यंत पोचतो. छापील फोटोंवर प्रसिद्धीपासून ६० वर्षं हक्क असतो. आजींच्या बहुतेक स्थिरचित्रांची मुदत त्यामुळे संपलेली असेल, तरी प्रकाशकाला साल दाखवता यायला हवं.

मधला मार्ग म्हणून कुणी तुम्हाला सुचवेल, की प्रेमाचं प्रकरण वगळून आत्ता पुस्तक काढा, ते प्रकरण नंतर कधीतरी. मला हे पटत नाही. फितीचं ते वाक्य काढलंत की कामाचं वाक्यही जातं, ते एकच आहे. त्यापेक्षा संपूर्ण मजकुराच्या पंधरा-वीस प्रती घरापुरत्या छापा, एक आजींच्या हातात द्या, आणि बाजारातलं पुस्तक कधी काढायचं ते सावकाश ठरवा. फक्त आजींच्या हातात प्रत पडायला उशीर करू नका. 'सांगत्ये ऐका' १९७० साली आलं आणि हंसाबाई १९७१ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. पन्नाशीही झाली नव्हती. तुमच्या आजी ८६ वर्षांच्या आहेत.

आता पलंगाखालचा डबा. तो उघडू नका, आजींनी उघडू दिला तरी. आत एक रीळ असेल तर ती सुमारे हजार फूट फिल्म, म्हणजे पडद्यावर अकरा मिनिटं. साठच्या दशकातली फिल्म जुन्या नायट्रेट फिल्मसारखी पेट घेत नाही, पण कोंदट जागेत ती हळूहळू आंबते. डब्याच्या कडेला नाक नेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म कुजायला लागली आहे आणि घाई केली पाहिजे. वास नसेल तरी पलंगाखालून काढून कोरड्या, थंड जागी आडवा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क करा. १९६४ पासून हेच त्यांचं काम आहे. रिळांसोबत गाण्याच्या चोपड्या, स्थिरचित्रं, पोस्टरही ते जपतात. तो चित्रपट त्यांच्याकडे आहे का, ते विचारा. नसेल तर आजींच्या पलंगाखाली त्या चित्रपटाची उरलेली शेवटची अकरा मिनिटं असू शकतात. तुमच्या गावाला हे नवीन नाही. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, १९४८ साली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला तेव्हा किती माणसांची कितीतरी वर्षं त्या धुरात गेली. पुढची कितीतरी अशीच डब्यात आंबून, भंगारात विकली जाऊन गेली. आजी तो डबा उघडू देत नाहीत यात मला हट्ट दिसत नाही. आत काही उरलं नसेल, ही भीती दिसते. त्यांना सांगा की उघडायचा नाही, दाखवायचा आहे, आणि त्यांना बरोबर न्या. सासऱ्यांनाही. डबा त्यांच्या मांडीवर असू दे.

त्या मुलीबद्दल तुम्ही मला काही विचारलं नाही, पण मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं ते त्या एका वाक्याकरता. दीड महिन्याची होऊन गेली. म्हणजे बारसं झालं असणार. पाळण्याच्या दोरीला हात लावून कुणीतरी कानात कुर्र केलं असणार, नाव ठेवलं असणार. तुमच्या पत्रात ते नाव नाही, आणि आजींनी कदाचित ते कधीच उच्चारलं नसेल. प्रेमाबद्दल त्या दोन-दोन तास बोलतात, रंकाळा की फाटक म्हणून दोनदा सांगतात, आणि इथे एकदाच, एका वाक्यात. तुम्हाला विचारायचा मोह होईल, चांगल्या मनानं होईल. विचारू नका. रेकॉर्डिंग चालू ठेवून त्या विषयाकडे वळवूही नका. पुढची दुपार तुम्ही नेहमीसारखीच चाळांची, रंगाची, रीटेकची घ्या. वहीत ते वाक्य जिथे आलंय त्याच्यापुढे दोन पानं कोरी सोडा, आणि वही आजींच्या हाताला लागेल अशी, पेनासकट, त्यांच्या उशाशी ठेवत जा.

तुमची,
ताई